खिळ्यावरची रोटी

मध्य आशियातल्या तोलझोरच्या नगर कचेरीत हमदाम गावाच्या मध्यभागाच्या नव्या बांधणीचं काम बघायचा. बघायचा म्हणजे विटा आणि सिमेंट नव्हे. काम कुठवर आलं, एवढंच त्याच्याकडे. त्याच्या खोलीत भिंतीवर जुन्या पेठेचा नकाशा होता आणि त्यात त्रेचाळीस चौकोन. घरात माणसं राहत असली तर चौकोन लाल, सामान हलत असलं तर पिवळा, घर रिकामं झालं की हिरवा. हिरव्या घरांची यादी पाडकामाच्या यंत्रवाल्याकडे जायची. दर सोमवारी नगरप्रमुख हाकीम साहेबांपुढे उभं राहून किती हिरवे झाले ते वाचायचं. वसंतातल्या नवरोजच्या सणापर्यंत सगळा नकाशा हिरवा दिसला पाहिजे आणि पेठेच्या जागी कारंजं उडालं पाहिजे, असा वरून हुकूम होता.

हमदामला एक खोड होती. एखादं घर दोन-चार दिवसांत रिकामं होणार हे नक्की असलं, की तो आधीच हिरवा खडू फिरवून टाकायचा आणि यंत्रवाल्याच्या कानात सांगून ठेवायचा, की त्या घरासाठी जरा थांब. वीसेक वेळा त्यानं असं केलं. एकदाही बिघडलं नाही. हा खोटेपणा आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. उद्याचं काम आज लिहिलं, इतकंच.

अकरा नंबरात होसियत मावशी एकटी राहायची. तिच्या गोधड्या, पेटी, भांडी सगळं नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोचलं होतं. जुन्या घरात फक्त एक जाड, नक्षीचे ठसे उठवलेली तंदुरी रोटी उरली होती, भिंतीच्या खिळ्याला टांगलेली. सहा वर्षांपूर्वी तिचा ओदिल रशियात बांधकामावर गेला, त्या सकाळी उंबऱ्यात उभं राहून त्यानं त्या रोटीचा एक घास तोडला होता. उरलेली तो परत येऊन खाणार. गावात ज्या घरातून कोणी दूर गेलंय, त्या घरात अशी रोटी असतेच. पण ओदिलचा फोन येऊन दोन वर्षं झाली होती.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला शहरात निघाली तेव्हा मावशीनं हमदामला दारातच थांबवलं.

"ही मी माझ्या हातानं नेणार," ती म्हणाली. "डोळ्यांचं आवरून येते. नीट दिसायला लागलं की आधी त्याचा घास बघायचाय. चार वर्षं नुसती बोटांनी बघतेय."

"निर्धास्त जा, मावशी. तुमच्या भिंतीला कोण हात लावतंय?"

त्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत आठ घरं हिरवी झाली होती. नऊ झाली असती तर साहेब खूश झाले असते. हमदामनं अकरा नंबरावर खडू फिरवला, यादी पाठवून दिली आणि यंत्रवाल्याला सांगायला म्हणून निघाला. वाटेत ठेकेदारानं सगळ्यांसाठी पुलाव शिजवला होता, तिथं त्याला हाताला धरून बसवलं. दोन ताटं पुलाव झाला, वर चहा, गप्पा. सांगायचं राहून गेलं.

सोमवारी बैठकीत साहेब म्हणाले, की बाकीच्यांनी हमदामकडून जरा शिकावं, एका आठवड्यात नऊ घरं. हमदाम मान खाली घालून हसला. आणि तसाच हसत असताना त्याला आठवलं.

तो पळत पेठेत गेला. अकरा नंबराच्या जागी मातीचा ढीग होता. यंत्रवाला तुलकीन डबा उघडून बसला होता.

"यादीत हिरवं होतं, हमदाम भाऊ," तो म्हणाला. "मी आवाजही दिला, कोणी आहे का म्हणून. कोणी नव्हतं."

हमदामनं कोट काढून दुपारपर्यंत माती उपसली. हाताला तो खिळा लागला, एवढंच. खिळा खिशात टाकून तो कचेरीत आला. नकाशावर अकरा नंबर हिरवा होता. आता तो खराच हिरवा होता. हमदामनं खुर्ची फिरवून नकाशाकडे पाठ केली, तरी पाठीला तो चौकोन जाणवत राहिला.

संध्याकाळी तो तंदूरवाल्या सओदतबाईकडे गेला आणि मावशीच्या रोटीसारखीच जुन्या नक्षीची एक रोटी मागितली.

"कोण चाललंय परदेशी?" तिनं विचारलं. "तू? तुला कचेरीच्या फाटकाबाहेर कोण विचारतंय?"

घरी बायकोकडे पाठ करून त्यानं रोटीचा घास तोडला. मग चार दिवस रोटी चुलीवर धुरात टांगली, ती काळपट आणि दगडासारखी होईपर्यंत. त्या चार दिवसांत खरं सांगायला त्याला दोनदा फोन उचलावासा वाटला. दोन्ही वेळा त्यानं चुलीत लाकूड सारलं.

शनिवारी होसियत मावशी परत आली. ती पेठेत जाण्याआधीच हमदाम तिसऱ्या मजल्यावर पोचला. घर पाडण्याआधी आपणच रोटी उतरवून जपून ठेवली, असं त्यानं सांगितलं. सांगताना आवाज अजिबात हलला नाही, याचीच त्याला पुढे जास्त लाज वाटली.

मावशीनं काळा चष्मा काढला. रोटी घेऊन ती खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली. मग डोळे मिटून घासाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"अक्रोड फोडताना ओदिलचा पुढचा दात अर्धा तुटला होता," ती म्हणाली. "त्याच्या घासात मधोमध एक उंचवटा राहतो." मग तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "हे कोणाचे दात, पोरा?"

"माझे," हमदाम म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. खडू, यादी, पुलावाची दोन ताटं, साहेबांची शाबासकी. पुलावापाशी आल्यावर तो अडखळला, पण सांगितलं. मावशी पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती.

"पाडण्याआधी कोणी आवाज दिला होता का?"

"दिला होता."

"बरं. घराला तरी कळलं."

रडली नाही. ती रडली असती तर हमदामला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं तिनं रोटी पुढे केली.

"चावलेली रोटी टाकता येत नाही. टांग."

हमदामनं खिशातून तोच खिळा काढला. नव्या भिंतीत तो दोनदा वाकला. तिसऱ्यांदा बसला.

"माफ केलं असं समजू नकोस," मावशी मागून म्हणाली. "ज्याचा घास आहे त्यानं परत यायचं असतं. दर शुक्रवारी येशील आणि इथं बसून ओदिलला फोन लावशील. लागेपर्यंत."

सोमवारी हमदामनं बैठकीत आकडा वाचला आणि त्यातून एक वजा केला. अकरा नंबर रिकामं नव्हतं, मी हिरवं केलं, असं म्हणाला. बाकीच्यांनी नजरा चहाच्या पेल्यांत बुडवल्या. साहेबांनी विचारलं, पण ते आता पडलंय ना? पडलंय, तो म्हणाला. मग झालं तर, साहेब म्हणाले आणि कारंज्याच्या नळांचं विचारू लागले. शेजारच्या बारा नंबरात अजून माणसं राहत होती, नकाशावर तो लाल होता. खोलीत परतल्यावर हमदामनं हिरवा खडू खिडकीबाहेर टाकला, पण नवीन मिळायला वेळ लागत नाही हे त्यालाही माहीत होतं.

पहिल्या शुक्रवारी मावशीनं चहा विचारला नाही. तो रोटीखाली जमिनीवर बसला, मावशीच्या वहीतला ओदिलचा नंबर बघून फोन लावला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. मावशी आपल्या नव्या डोळ्यांनी फोनकडे बघत नव्हती, रोटीकडेही नाही. ती त्याच्याकडे बघत होती. घंटा थांबली तेव्हा त्यानं पुन्हा नंबर लावला.