सुलभा मॅडमचा पास

आमच्या राजपुऱ्याच्या गल्लीत मुलांनी कुठलाही नवा पिक्चर पाहायचा तर आधी मी पाहायचा, असा रिवाज आहे. मी 'पास' म्हटलं की गल्लीतल्या आयांची हरकत नसते. 'नापास' म्हटलं की विषय संपला. मी शाळेत शिकवते आणि कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून हा मान माझ्याकडे आला. मान तरी कसला, दोन-दोन तास भुतं आणि मारामाऱ्या पाहत बसायचं. पण माझी मृणाल मैत्रिणींना ऐटीत सांगायची, "माझ्या आईने पास केला म्हणजे बिनधास्त देखा." ते ऐकलं की माझी डोकेदुखी पळायची.

कारण बाकी सगळ्या बाबतीत मृणालच्या तोंडी एकच नाव, काकू. काकू म्हणजे ज्योत्स्ना, माझी धाकटी जाऊ. ती वरच्या मजल्यावर राहते, मी खाली. तिला मूलबाळ नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण म्हणून माझीच मुलगी पळवायची का? चौदा वर्षांची पोर शाळेतून येते, दप्तर माझ्या अंगणात टाकते आणि धडधड जिना चढते. वेणी काकूनं घालायची, गणित काकूनं शिकवायचं, मैत्रिणीशी भांडण झालं तर रडायचं काकूपाशी. नऊ महिने पोटात वागवली मी, आणि मावा-जिलेबीचा पुडा दाखवून जिंकते ती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते उगीच नाही. मला तिचा हेवा वाटतो. वाटतो म्हणजे वाटतो.

दिवाळीनंतर मृणाल माझ्यामागे लागली. "आई, तो नवीनवाला थ्रिलर देखून घे ना जल्दी. पूरी क्लास त्याचीच बात करून राहिली. तू पास केला की संडेला आम्ही तिघी मैत्रिणी पाहू."

शनिवारी दुपारी मी मोबाईलवर पाहायला बसले. भुतं नव्हती, रक्त नव्हतं. एक बाई अचानक गोड बोलायला लागते आणि शेजारच्या मुलीला लळा लावते. तिची वेणी घालते, रोज तिला दूध देते, दुधात काहीबाही मिसळते, आणि हळूहळू तिला पटवून देते की तुझी आईच वेडी आहे. शेवटी त्या पोरीला खरं काय नि खोटं काय हेच कळेनासं होतं. मारामारी मुलं विसरतात, पण असलं काही डोक्यात शिरलं की निघत नाही, हे मीच गल्लीतल्या आयांना कितीदा सांगितलेलं. नापास, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

तेवढ्यात ज्योत्स्ना खाली आली. "ताई, तो पिक्चर मी देखला. आपल्या मृणालला झेपायचा नाही हो. दिसते मोठी, पण मनानं लई हळवी आहे ती. मी तिला म्हटलं, आईला विचार. आई म्हणेल तेच."

आपल्या मृणालला! माझ्या पोटच्या पोरीचं मन कसं आहे हे आता हिनं मला सांगायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीतच मला पिक्चरमधली ती गोडबोली बाई आठवली. पाहू दे मृणालला. दुसऱ्याची मुलगी ओढणाऱ्या बाया कशा असतात, एकदा डोळ्यांनी पाहू दे.

"पास," मी म्हटलं.

ज्योत्स्नानं विचारलं, "तुम्ही पूरा पाहिला ना, ताई?"

"पूरा पाहिला. माझी मुलगी मला कळते."

रविवारी मृणालनं मैत्रिणींसोबत पिक्चर पाहिला. सोमवारी ती शाळेतून आली आणि वर गेली नाही. मंगळवारीही नाही. मला आकाश ठेंगणं झालं. मी वांग्याचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, बाजारातून दराब्याची मिठाई आणली. आवाज इतका मऊ काढला की आमच्या ह्यांनी विचारलं, "सुलभा, तब्येत बरी आहे ना तुझी?" वेणी घालताना मृणाल मान आखडून बसायची. सवय नाही, होईल, असं मी मनाशी म्हटलं. वर ज्योत्स्नाची पावलं जिन्यापर्यंत यायची आणि परत जायची. ते ऐकताना मला दोन घास जास्त जात.

गुरुवारी तुळशीला पाणी घालायला गेले तर माती पांढरट. वास घेतला. दूध होतं, केशर घातलेलं. त्या आठवड्यात मी रोज सकाळी मृणालच्या हातात द्यायचे तेच.

"मृणाल, हे काय?"

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "मला नाही प्यायचं."

"अगं, हे तर मी दिलेलं दूध! तुझ्या आईनं!"

"म्हणूनच तर." ती रडायला लागली. "तू अशी कधीच नव्हती. तू तर चिल्लावते, पाठीत धपाटा देते. पिक्चरमधली ती बाई पण अशीच एकदम गोड बोलायला लागते. तू दूध देऊन राहिली, वेणी घालून राहिली, हसून राहिली... मला काकूची पण भीती वाटते, आई. पण तुझी सगळ्यात जास्त वाटते."

मी हात पुढे केला. ती मागे सरकली.

"तू पूरा देखला होता ना?" तिनं विचारलं. "मग पास कसा केला?"

शाळेत कुणाच्या प्रश्नाला मी कधी गप्प बसले नाही. इथं मी तुळशीच्या पांढरट मातीवर हातातला तांब्या उपडा केला.

आवाज ऐकून ज्योत्स्ना जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन थांबली होती. आता ती 'मी सांगितलं होतं' म्हणणार, म्हणून मी दात आवळले. पण ती मृणालला एवढंच म्हणाली, "बेटा, पातेल्यात दूध आहे. तुझ्या हातानं गरम कर, तुझ्या हातानं वाढ. मी पण पिते, आई पण पिते." मृणालनं तीन पेले भरले. आम्ही दोघी प्यालो, मग ती प्याली. एवढी साधी युक्ती, तीही हिलाच सुचावी!

मी पुन्हा ओरडायला लागले, तसं मृणालला बरं वाटायला लागलं. दूध पोटात जाऊ लागलं. मग एका संध्याकाळी मैत्रिणी दारात आल्या. नवा पिक्चर आला होता. मी कणीक मळत होते. ऐकलं तशी पदराला हात पुसले आणि चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला.

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा मोबाईल उचलला आणि जिना चढायला लागली.

"काकू, हा पिक्चर तू पहिले देखशील?"

"आईला विचार बेटा," वरून आवाज आला.

"नाही. तूच सांग."

मी चष्मा काढून ठेवला आणि पुसलेले हात पुन्हा कणकेत घातले.