बाईंच्या जाकिटाचा गळा

एकोणसाठ टॅब.

उजवा हात वर गेला की जाकीट वीतभर वर चढतं.

"मी आता आणखी सोपा झालो आहे."

गळा: माहीत नाही.

संध्याकाळी पाच.

आता नीट सांगते. मी आणि वहिनी कपडे शिवतो. ती कापते, शिवते. मी मापं घेते आणि संगणक सांभाळते. माप वहीत. गिऱ्हाइकाला आवडलेलं चित्र ब्राउझरमध्ये, उघडंच. कपडा गेला की त्याचा टॅब बंद. उघडा आहे म्हणजे काम बाकी आहे. जतनबितन आम्ही कधी केलं नाही.

आज सकाळी संगणक लावला तर ब्राउझर रातोरात नवा झालेला. सगळे टॅब गायब. एक निळं पान, त्यावर ते सोपं झाल्याचं वाक्य.

वहिनी एरवी मला अगंतुगं करते. म्हणाली, "वन्सं, बाईंचा गळा कुठे आहे?"

बाई म्हणजे तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. आज निवृत्त होणार, पाचला निरोप. जाकिटाची पाठ आणि पुढा तयार होता. गळा आणि बाह्या चित्र बघून करायच्या होत्या. बाईंनी वहिनीला तीन वर्षं मागच्या बाकावर बसवलं होतं, आणि तिचं एकही गणित कधी बरोबर दिलं नव्हतं.

"निदान हे तरी बरोबर यावं," वहिनी म्हणाली.

"गोल होता गळा."

"उभी पट्टी होती."

"तू बघितलंस कधी? सुईत दोरा ओवत होतीस."

"आणि तुम्ही चहा पीत होतात."

वहिनीने बाईंनाच फोन लावला. "कुठलं चित्र? मी बारा दाखवली. तू मान डोलावलीस, मागचा बाक. तेव्हाही नुसती डोलवायचीस."

मी सगळे मेनू पालथे घातले. जिथे जुनी पानं सापडायची तिथे आता हवामान होतं. मदतीच्या पानाने विचारलं, नवा अनुभव कसा वाटला?

"लिही," वहिनी म्हणाली, "की आमच्याकडे पाहुणा आला तर तो आधी आमचं कपाट रिकामं करत नाही."

मग तिने मोजपट्टी उचलली, भिंतीकडे तोंड केलं आणि हात उंच करून हवेत आकडे काढले. "बाई फळ्याच्या अगदी वरून सुरू करायच्या. हात वर, की जाकीट वर. दर ओळीला खाली ओढायच्या. मागच्या बाकावरून मला तेवढंच नीट दिसायचं." तिने दोन्ही काखांत बसवायला चौकोनी तुकडे कापले. "गळा तुझा घे, गोल. बाही माझी."

साडेचारला शेवटचं बटण लागलं.

शाळेत बाईंनी जाकीट घातलं. "हे वेगळंच आहे," म्हणाल्या. आमचा जीव टांगणीला. मुलांनी शेवटचं एक गणित मागितलं. बाईंनी फळ्याच्या वरच्या कडेपासून सुरुवात केली आणि सवयीने हात कमरेकडे नेला. ओढायला काही नव्हतं. जाकीट जागच्या जागी. त्यांनी हात खाली घेतला, वर नेला. पुन्हा खाली, पुन्हा वर. मुलं हसायला लागली, तर मुद्दाम दोन्ही हात वर केले.

फळ्यापुढच्या चौथऱ्यावरून खाली येऊन त्यांनी वहिनीच्या बाहीवर खडूने बरोबरची खूण केली.

घरी येईपर्यंत वहिनीने तो हात अंगापासून लांब धरला होता. रस्ताभर लोकांना वाटलं, ती कोणाला तरी थांबवते आहे. एक रिक्षा थांबलीही.

अपडेटला होकार आदल्या संध्याकाळी मी दिला होता, जाहिरात बंद करते आहे असं समजून.