उजव्या बुटातलं पाकीट

मी साकेतचा उजवा बूट. फुटबॉलचा. डावा शेजारीच पडलाय, पण तो हल्ली बोलत नाही. त्याचा तळ झिजलाय आणि त्याला कशातच रस उरलेला नाही. थकलो मीही आहे. तरी जाण्याआधी एवढं सांगून जातो.

जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या जिभेवर छापलेलं होतं, घामानं पुसून गेलं. कुणा एका बाईनं मला शिवलं आणि खोक्यात ठेवताना अंगठ्यानं एकदा पुसलं, एवढंच आठवतं. मग बराच काळोख, आणि मग लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका दुकानातला सेल. तिथे मधुमती आली, आपल्या मुलाला, साकेतला, घेऊन.

“अर्धा नंबर मोठा घेऊ या का रे? पाय वाढतोय अजून.”

“नको ना आई! टाइट पाहिजे. सगळे प्लेयर तसाच घालते.”

साकेतची कॉलेजच्या टीममध्ये निवड व्हावी म्हणून मधुमतीनं सोळा सोमवार केले होते. निवड त्याच्या पायानं झाली की तिच्या सोमवारांनी, ह्यात मी पडत नाही. मी दोघांचाही मान ठेवतो.

सुरुवातीचे दिवस बरे होते. ओलं गवत, वरून जाणारी विमानं, आणि आत साकेतचा गरम पाय. बुटाला आणखी काय हवं?

त्या टीमला जर्सी देणारा केनी नावाचा एक कार्पेटवाला होता. हसतमुख माणूस, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. कॉलेजांच्या लीगचा नियम साधा होता: ही मुलं विद्यार्थी आहेत, खेळायचे पैसे त्यांना कुणी द्यायचे नाहीत. केनीला मात्र कप हवा होता. एका मॅचनंतर मुलं आंघोळीला गेली तेव्हा तो चेंजिंग रूममध्ये आला आणि त्यानं तीन मुलांच्या बुटांत एकेक पाकीट खोचलं. त्यातला एक बूट मी.

मी चिखल सोसलाय, खडे सोसलेत. पण ते पाकीट जसं टोचलं तसं काही टोचलं नाही. साकेतनं पाकीट पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि मला तसंच बॅगेत टाकलं. परत द्यावं तर टीममधून काढतील, ठेवावं तर नियमाचं काय. बिचाऱ्याला काहीच ठरवता येईना.

दोन दिवसांनी खंडेनवमी आली. ज्याच्यावर आपलं काम चालतं त्याची पूजा करायची, म्हणून मधुमतीनं पाटावर भाजीची सुरी, कात्री आणि नवऱ्याचा लॅपटॉप मांडला. मग ती मला घेऊन आली.

“अहो, चामड्याचे नाहीत ना हे?”

“प्लॅस्टिक आहे गं,” पद्माकर म्हणाला. “तुझ्या देवांना चालेल. वास तेवढा चालतो का बघ.”

तिनं मला बाहेरून धुतलं. पुसायला हात आत घातला, तो पाकीट हाताला लागलं.

“साकेत, हे काय रे?”

तो जिन्यात थबकला. “ते... फुटबॉलचं आहे, आई.”

“म्हणजे पगार?”

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मधुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाची पहिली कमाई! तिनं ते पाकीट न फोडता देवापुढे ठेवलं, त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, माझ्यावरही वाहिलं. माझ्या शिवणीत ती हळद अजून आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा होता, आणि मॅचही. पहिल्या कमाईचे पेढे वाटायचे नाहीत तर काय करायचं? मधुमती मोठा डबा घेऊन मैदानावर आली. कोचला पेढा दिला, समोरच्या टीमच्या कोचला दिला, गळ्यात ओळखपत्र घातलेल्या लीगच्या बाईंनाही दिला.

“हॅपी दसरा! टेक, टेक! साकेतची फर्स्ट सॅलरी!”

“सॅलरी? फॉर व्हॉट, लव्ह?”

“फॉर फुटबॉल!” मधुमती अभिमानानं म्हणाली.

लीगच्या बाईंचा हात पेढ्यासकट तसाच राहिला. मी तेव्हा साकेतच्या पायात होतो. बॉल माझ्या शेजारून गेला, पण पाय हलला नाही.

चौकशी झाली. मधुमती ते पाकीट जसंच्या तसं घेऊन गेली. चौकशी समितीच्या अध्यक्षबाई त्यावरचे लाल डाग बघून दचकल्या आणि हे रक्त आहे का, असं विचारू लागल्या.

“नो, नो. कुंकू. ब्लेसिंग,” मधुमती म्हणाली.

टीमचे सगळे पॉइंट गेले, कपमधून नाव गेलं. केनीला मैदानाचं दार बंद झालं. तिन्ही मुलांवर बंदी आली. साकेतचं पाकीट न फोडता परत आलं म्हणून त्याला एकच वर्ष.

“तुझ्या आईच्या पेढ्यांनी कप घालवला यार,” टीममधला अर्णव म्हणाला. केनीला कुणी काही म्हणालं नाही. माणसांचं हे मला कळत नाही.

गाडीत साकेत ओरडला, “तू का सगळ्यांना सांगितला?”

“मला वाटलं कष्टाचे आहेत. तू नाही म्हणाला नाहीस, राजा.”

त्यानंतर त्याचं घरातलं बोलणं हो आणि नाहीवर आलं. मला जिन्याखालच्या कपाटात हूव्हरशेजारी, केर ओढायच्या मशीनशेजारी, टाकलं. मधुमतीनं देवापुढे सांगितलं, हा पुन्हा खेळेल तोवर मी गोड खाणार नाही. हूव्हर काढताना ती मला हात लावायची. माझ्यातलं वाळकं गवत मात्र तिनं कधी झटकलं नाही. “मैदानाचं आहे, असू दे,” म्हणायची.

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. तिनं मला काढून पाटावर ठेवलं. साकेत खाली आला, मला पायात घालू लागला. टाच आत जाईना. पाय वाढला होता. त्याच्या शिक्षेत माझंही वर्ष गेलं, हे मला तेव्हा कळलं.

तो वर गेला आणि नव्या बुटांचं खोकं घेऊन आला. मधुमतीनं ते बूट हातात घेतले आणि नकळत एकेकात हात घालून पाहिला.

“रिकामे आहेत गं, आई,” साकेत म्हणाला. आणि हसला. “उद्या मॅचला येशील? पेढे आण. फक्त सॅलरी नको बोलू.”

मधुमतीनं डोळ्यांना पदर लावला. पद्माकर म्हणाला, “बाई, उद्या तू पण खा एक.”

मी आता पिशवीत आहे. कॉलेजमध्ये एक पेटी आहे, ज्यांना बूट घेणं परवडत नाही त्या मुलांसाठी, तिकडे निघालोय. तळ अजून एखादा सीझन काढेल, देवाची कृपा असली तर. जो कुणी मला उचलेल त्याला हात जोडून एकच सांगणं आहे: माझ्यात पाय घाल, बाळा. दुसरं काहीही कुणालाही ठेवू देऊ नकोस.