ताईने निवडलेलं लाकूड

ताईने लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले, कान जवळ नेला आणि डाव्या हातातला पलंगाखाली फेकून दिला.

"ओला आहे. ठण्ण वाजायला पाहिजे. हा बघ, आजारी माणसासारखा कण्हतोय."

"आजारी माणसं कण्हत नाहीत, हुकूम सोडतात," धाकटी म्हणाली आणि वाकून तुकडा उचलला.

पलंगावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर मुठीएवढ्या तुकड्यांचे ढीग. आंबा, पेरू, चिंच, बाभूळ. धाकटीला चारही सारखेच. ती शिंपीण, कापड नुसतं बोटांत धरून त्यात सूत किती आणि भेसळ किती हे सांगेल, पण लाकूड म्हणजे लाकूड. ताईचं उलट. तीस वर्षं ती लाकडाच्या वखारीत मोजणीला होती. ओंडका ट्रकमधून खाली उतरायच्या आत ती त्याची जात आणि खोट सांगून मोकळी व्हायची. ट्रकवाले तिच्या पाठीमागे तिला काय म्हणायचे हे दोघी बहिणींना ठाऊक होतं आणि दोघींनाही त्याचा अभिमान होता.

आता ताईच्या हातांवर सुयांच्या निळ्या खुणा होत्या, डोक्यावर धाकटीने शिवलेली सुती टोपी होती, आणि वजन होतं एकेचाळीस किलो.

चाळीसच्या खाली गेलं की औषधाचा पुढचा डोस थांबणार आणि नाकातून नळी घालणार. दर गुरुवारी काटा घेऊन येणाऱ्या सिस्टरने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ताईने सगळं मुकाट ऐकून घेतलं. सिस्टर गेल्यावर म्हणाली,

"नळी घातली त्या दिवशी मी संपले असं समज. मागून म्हणू नकोस, ताईने सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिने पेजेची वाटी बाजूला सारली. मांस खाईन म्हणाली, धुरावर शिजवलेलं. घरी केलेलं. लाकूड मी सांगेन.

मग परसात पिंप आलं. पत्र्याचं, तळाशी कोळशाचे निखारे, त्यांवर धुरापुरतं लाकूड, वर जाळी, झाकणाला चार भोकं. धाकटीने जन्मात असला उद्योग केला नव्हता. पहिल्या दिवशी तिने शिलाई यंत्राच्या खोक्याच्या फळ्या फोडून जाळल्या. ताईने मांसाचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरला, इकडून तिकडून फिरवला.

"खोकं जाळलंस."

"कशावरून?"

"राळ असते त्यात. काजळी बघ किती धरलीय. औषधाने मेले नाही तर तुझ्या खोक्याने मारशील का, सुईबाई?"

ताई हसली होती त्या दिवशी. दोन महिन्यांत पहिल्यांदा. धाकटीने ते हसू काळजात घडी घालून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वखारीत जाऊन ताईचं नाव सांगितलं. तिथल्या लोकांनी चार जातींच्या वाळक्या ढलप्यांचं पोतं रिक्षात घालून दिलं.

तेव्हापासून रोज सकाळी ही निवड. ताई तुकडा हातावर तोलायची, वाजवायची, नखाने साल खरवडून नाकाशी धरायची. बराच वेळ धरायची. मग निकाल.

"आज पेरू. साल काढून टाक, सगळा कडूपणा सालीत असतो. पांढरा धूर असेपर्यंत मांस आत घालायचं नाही. धूर निळा दिसायला लागला, इतका पातळ की आहे की नाही असं वाटलं, की घाल."

"आणि दिसलाच नाही तर?"

"तर चष्मा लाव."

रविवारी असं झालं.

एका गिऱ्हाइकाचा कोट होता. बाही तिसऱ्यांदा उसवायची होती, आणि गिऱ्हाईक दुपारी घ्यायला येणार होतं. धाकटीने कोळसे पेटवले, मांस जाळीवर मांडलं, झाकण लावलं आणि यंत्रावर जाऊन बसली. अधूनमधून उठून निखारे बघून येत होती. डोक्यात सगळी बाहीच. बाही बसली, कोट गेला, मांस शिजलं. तिने काप केले, ताटली ताईपुढे ठेवली आणि पिंप झाकायला परसात गेली.

कट्ट्यावर पेरूचे तीन तुकडे होते. सकाळी साल काढून जसे ठेवले होते तसे.

ती धावत आत आली. ताईचे दोन घास खाऊन झाले होते.

"पेरू म्हणजे पेरू," ताई डोळे मिटून म्हणाली. "गोडसर. सांगितलं नव्हतं मी?"

इथे धाकटीने बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. अगं, लाकूड घालायचंच राहिलं, असं हसत हसत म्हटलं असतं, ताईने गाढव म्हटलं असतं, संपलं असतं.

"मीठ बरोबर आहे?" तिने विचारलं.

"मीठ? हो. बरोबर."

धाकटीने एक काप तोंडात टाकला. निखाऱ्यांवर भाजलेलं साधं मांस. धुराचा मागमूस नाही. आणि मीठ कमी होतं, चांगलंच कमी.

ती ताईच्या समोर बसून राहिली. इतके दिवस ताई जेवताना ती ताटलीकडे बघायची, किती राहिलं, किती संपलं. आज ती ताईकडे बघत होती. ताई घास तोंडात घालायची, आणि पांघरुणाखाली तिचा डावा हात पलंगाची कड धरायचा. जबडा हलायचा; अठरा, एकोणीस, वीस. मग गळ्याची शीर ताणली जायची, घास खाली जायचा, हात सुटायचा. मग पुढचा घास. ताई जेवत नव्हती. ओझी वाहत होती.

"काय बघतेस?"

"काही नाही. टोपी उसवलीय कडेला."

संध्याकाळपर्यंत धाकटीने यंत्रावर एक सरळ शिवण घातली आणि उसवली. काजळी ताईने उजेडात धरून पाहिली होती. ओलं लाकूड कानाने ओळखलं होतं. पेरू, चिंच, बाभूळ. ताटलीत काय आहे हे तिला ठाऊक असायचं, कारण सकाळी तिनेच निवडलेलं असायचं. आणि ते नखाने साल खरवडणं, ते बराच वेळ नाकाशी धरणं. कशाची वाट बघत असायची ती तेवढा वेळ?

सोमवारी ताईने चिंच निवडली.

धाकटीने त्या दिवशी यंत्रावर झाकण घातलं आणि पिंपाजवळ स्टूल घेऊन बसली. साल इतकी बारकाईने काढली की लाकूड जणू पॉलिश केल्यासारखं दिसू लागलं. पांढरा धूर निघाला, विरला, निळा झाला. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"रोज रोज मेजवानी चाललीय बाई तुमची! आमच्या दोरीवरच्या चादरींनासुद्धा भूक लागायला लागली."

"या की जेवायला."

"नको गं बाई. तुमच्या ताई मला शेणाची गोवरी समजून परत करतील, ओली आहे म्हणून."

धाकटी हसली, आणि हसता हसता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. शेजारीण म्हणाली, धूर फार आहे हो. धूर तर आहे की नाही असा होता.

"चिंच जरा उग्रच," जेवताना ताई म्हणाली. "उद्या आंबा."

मंगळवारी आंबा. बुधवारी पुन्हा पेरू. कोणाचंच काही चुकलं नाही.

गुरुवारी सिस्टर आली. काटा फरशीवर ठेवला, ताईला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. तिघींनीही खाली वाकून पाहिलं.

"चाळीस आणि वर तीनशे ग्रॅम. काठावर आहात, मावशी, पण आहात. सोमवारी डोस घेऊ. खाता काय हो तुम्ही? माझ्या बाकीच्या पेशंटांना चमचाभर भात जात नाही."

"लाकूड खाते," ताई म्हणाली, आणि मग दहा मिनिटं सिस्टरची सुटका नव्हती. जुनं लाकूड, नवं लाकूड, राळ, साल, निळा धूर. सिस्टरने तेवढ्यात रक्तदाबही घेतला.

"पण मावशी, चव लागते का?" पट्टा सोडता सोडता तिने विचारलं. "या औषधांनी बहुतेकांची जाते. वासही जातो. मग हळूहळू माणूस खाणं टाकतं, आणि आम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. चव नसेल तर मी आजच डॉक्टरांना कळवते. ते थांबत नाहीत मग, नळी आधीच घालून घेतात."

ताईने तोंड उघडलं. ट्रकवाल्यांना, वखारीतल्या साहेबांना जागच्या जागी गप्प करणारं तोंड. ते तिने मिटलं आणि डाव्या हाताने पलंगाची कड धरली.

"लागते की," धाकटी म्हणाली. ती सुईत दोरा ओवत होती. मान वर केली नाही. "सोमवारी चिंच उग्र झाली म्हणून मला काय काय ऐकवलं."

"मग छान," सिस्टर म्हणाली आणि कागदावर एक खूण केली.

फाटक वाजलं. धाकटीच्या हातात सुई तशीच होती, दोरा ओवलाच गेला नव्हता. तिने हे काय केलं, चांगलं की वाईट, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. आणि आयुष्यभर असलं काही सांगायला जी होती तीच समोर पलंगावर छताकडे बघत पडली होती.

"पुढच्या गुरुवारी चाळीसच्या खाली आलं तर?" ताई म्हणाली.

"तर सांगू."

"कोण सांगणार?"

"दोघी."

ताईने मान हलवली. होकार की नुसतीच, ते कळलं नाही. मग कोपरावर रेलून ती जरा वर झाली आणि वर्तमानपत्र जवळ ओढलं. एक तुकडा उचलला, पण वाजवला नाही, तोललाही नाही. नखाने साल खरवडली आणि हात पुढे केला.

"घे. वास घे."

"मी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

धाकटीने तुकडा नाकाशी धरला.

"काय येतंय?"

"लाकडाचा वास."

"गधडे. नीट सांग."

धाकटीने डोळे मिटले. "ओल्या सुती कापडावर गरम इस्त्री टेकवली ना, की पहिल्यांदा जो येतो, तसा. आणि मागून थोडं आंबट."

ताईनेही डोळे मिटले होते. तिच्या नाकपुड्या हलल्या.

"आंबट कसं? कैरीसारखं, की दही उतरल्यासारखं?"

धाकटीने तुकडा पुन्हा नाकाशी नेला आणि या वेळी घाई केली नाही.