अंबुबाईची पट्टी

"लिंबू लावा वहिनी, नाहीतर कढीलिंब. फुलझाडं कुणासाठी?" खंडोजीराव ओसरीवरून म्हणाले.

अंबुबाईनं खुरपं थांबवलं नाही. त्या 'कुणासाठी'चा काटा ओळखीचा होता. नवरा गेल्यापासून या धाकट्या दिरानं तो कितीदा तरी टोचला होता.

"लिंबाला पसरायला जागा लागते भावोजी. ही पट्टी हातभर रुंद. भिंतीवर डोकं आपटायला या घरात मी आहे की."

प्लेगनंतर चामराजपुरमात, कानडी मुलखातल्या या नव्या वस्तीत, बांधलेल्या या घरात खोल्या वाटल्या, भांडी वाटली, गायही वाटली. विधवेच्या वाट्याला आली न्हाणीमागची ही पट्टी, तीही कुणालाच नको म्हणून. अंबुबाईनं ऊन कुठून कुठं सरकतं ते नीट बघितलं. उन्हाच्या टोकाला मल्लिगे, म्हणजे इथला मोगरा. अर्ध्या सावलीत अबोली. न्हाणीचं पाणी मुरतं तिथं मरवा. तिन्ही वेणीचीच.

जाऊ जयलक्ष्मीनं नाक मुरडलं. "अक्का, तुमच्या हातचं फूल कोण माळणार?"

"झाडाला कपाळ दिसत नाही गं. ते आपलं फुलतं."

"आमच्या लेकीची, कमलाक्षीची सोयरीक होईपर्यंत राहू दे. मग उपटतो," खंडोजीरावांनी निकाल दिला. सोयरिकीआधी फुलतं झाड उपटणं अपशकुन, म्हणे.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यात सरगूरचे पाहुणे आले. सासूनं मुलीला फुलं माळली की सोयरीक पक्की. पण बैलगाडीतून आणलेल्या फुलांची वाटेत उन्हानं भाजी झाली होती. अग्रहाराच्या बाजारात माणूस धाडला, तो रिकाम्या हातानं परतला. बाजारातली फुलं सगळी राजवाड्यात गेली होती. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली.

जयलक्ष्मी धावत मागे आली. "अक्का, वेणी करून द्या. मी नेते आत. तुम्ही केली म्हणू नका, कै मुगितिनी," म्हणत तिनं हातच जोडले.

असे हे सवाष्णींचे शकुन. विधवेनं रांधलेलं चालतं, विधवेनं काढलेलं बाळंतपण चालतं, विधवेची बोटंसुद्धा चालतात. फक्त विधवा चालत नाही.

"देते," अंबुबाई म्हणाली, "पण नेणार मी."

तिनं मल्लिगे, अबोली, मरवा खुडून घेतला. दाट वेणी गुंफली. ती घेऊन सरळ बैठकीत गेली, मोकळ्या कपाळानं. खंडोजीराव अर्धे उठले, तसेच राहिले.

"झाडं माझ्या हातची, वेणी माझ्या हातची," ती सरगूरच्या सीतालक्ष्मीबाईंना म्हणाली. "मी विधवा आहे. चालत असेल तर माळा. नसेल तर गाडी जुंपा."

कमलाक्षीची मान आणखी खाली गेली.

सीतालक्ष्मीबाईंनी वेणी नाकाशी नेली. "मरवा घातलाय. कुठं लावलाय?"

"न्हाणीच्या ओलीवर."

"आमचा दरसाल जळतो. निघताना एक फांदी द्या." आणि त्यांनी मुलीला जवळ ओढून वेणी माळली.

"वहिनी, पलीकडच्या भिंतीलगतही थोडी जागा आहे," खंडोजीराव जमिनीकडे बघत म्हणाले.

"माहीत आहे. तिथं ऊन चांगलं येतं."

परकरी पोरी कमलाक्षीच्या वेणीचा वास घ्यायला गोळा झाल्या. अंबुबाई दारापर्यंत आली, थांबली. मग भर बैठकीत, सगळ्यांदेखत, मरव्यानं हिरवी झालेली बोटं तिनं आपल्या केसांवरून सावकाश फिरवली.