उलटं चिन्ह

तिसऱ्यांदा गणित चालवलं, तरी दोंडाईच्याजवळचा जमिनीचा तो तुकडा संगणकाच्या पडद्यावर तांबडाच आला. कालपर्यंत तो निळा होता.

दिपमालाने मांडीवर झोपलेल्या चिऊच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिचं हे असंच; कुठेही काही बिनसलं, की हात आधी लेकीच्या कपाळाकडे जायचा.

तीन वर्षं ती योगराज सरांच्या हाताखाली काम करत होती. सर कॉलेजात पूल शिकवायचे. तीस वर्षांत त्यांना कोणी विभागप्रमुख केलं नाही, की कुठल्या व्यासपीठावर बसवलं नाही. त्यांनी मात्र आपल्या हौसेने अख्खं तापीचं खोरं संगणकात उतरवलं होतं. सगळी जमीन बारीक त्रिकोणांत कापायची, प्रत्येक त्रिकोणाला त्याच्या खडकाचा कडकपणा द्यायचा, मग हिंदुस्थानचं सगळं भूपृष्ठ उत्तरेला ढकलून हिमालयाशी भिडवायचं, आणि इकडे कुठला त्रिकोण किती दबतो, किती वाकतो ते बघायचं.

"भिंतीला लागलेली गोधडी ढकलून बघ," सर म्हणायचे. "घडी भिंतीपाशी पडते, पण मधला जुना टाकाही कुरकुरतो. आपली तापी म्हणजे तो टाका."

चूक तिला सापडली होती. जमिनीखालचा दाब वर्षागणिक किती बदलतो, याचे आकडे खडकांचा अभ्यास करणाऱ्यांकडून आले होते. हे खडकवाले दाबाला अधिक चिन्ह लावतात. पूलवाले ताणाला अधिक लिहितात, दाबाला उणे. सरांचा हात पूलवाल्याचा. त्यांनी आकडे चिन्ह न बदलता जसेच्या तसे भरले. दोंडाईच्याजवळ ज्यांच्या शेतात सरांनी कंप मोजायचं यंत्र बसवलं होतं, त्या लोटनआबांच्या गावाखालच्या भेगेवरची पकड सैल होत होती, आणि संगणक ती घट्ट होतेय म्हणून निळी दाखवत राहिला.

सोमवारी अहवाल जायचा होता. महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते. सहा वर्षांचं काम! ते त्यांच्यापुढे खोटं पाडायचं कोणी? चिऊला सासूच्या हवाली करून ती स्कूटरने सरांकडे निघाली.

सरांनी पडदा पाहिला. मग कागद ओढला आणि पेन्सिलीने बाण काढत बसले. शेवटी एक बाण खोडून तो त्यांनी उलट्या दिशेने काढला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "केव्हा कळलं?"

"काल रात्री शंका आली, सर. अहवालात दुरुस्ती जोडू या. सोमवारी नाही गेला तर पुढच्या..."

"अहवालाचं बघू. हे बघ." त्यांनी मोबाईल पुढे केला. लोटनआबांच्या मुलाने, नवलने, सकाळीच फोटो पाठवला होता. नव्या घराच्या भिंती दारांच्या डोक्यापर्यंत आल्या होत्या. "दिवाळीत यंत्राच्या नोंदी आणायला गेलो, तेव्हा मी आबांना म्हणालो होतो, तुमच्याकडची भेग घट्ट आहे, काळजी नको. त्यांनी दारांच्या डोक्यावरून सगळ्या भिंती बांधून ठेवणारा सळईचा पट्टा गाळलाय."

"मग फोन करा ना, सर."

"शब्द त्यांच्या ओसरीवर बसून दिला होता. तो परत घ्यायलाही तिथेच जायला हवं. येतेस?"

दोघं जळगावहून आगगाडीने निघाली. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं. दिपमालाने घरी फोन लावला, "चिऊ दूध प्यायली का?" तिसऱ्या फोनला सासू म्हणाली, "पिनी वं माय! तू तुन्हं काम कर!"

ऊन डोक्यावर आलं होतं. लोटनआबा बांधकामापाशीच उभे होते.

"या सर! आज कसं काय येनं जायं?"

सर खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. काय भरलं, काय उलटं झालं, कोणाकडून झालं. दिपमाला मध्येच म्हणाली, "फाईल मीही पाहिली होती, आबा." सरांनी हात वर केला. "चिन्ह माझं होतं."

नवल वाळूच्या ढिगावरून उतरला. "म्हंजे दिवाळीले एक सांगं, आते दुसरंच? कॉम्प्युटर शे का पिंगळा जोशी?"

"कॉम्प्युटरचा दोष नाही, नवलभाऊ. मी जे भरलं तेच त्याने सांगितलं."

"मंग भूकंप कव्हय येई?" आबांनी विचारलं.

"ते कोणालाच सांगता येत नाही. कदाचित तुमच्या नातवंडांनाही बघावा लागणार नाही. पण काळजी नको, हे जे मी बोललो होतो, ते परत घेतो. पट्टा घाला, आबा."

सकाळपासून दारांच्या वर विटांचे आणखी दोन थर चढले होते. झुलाल मिस्तरी थापी खाली ठेवत म्हणाला, "दोन थर उतारना पडतीन." आणि त्याने सरांकडे असं पाहिलं, की दिपमालाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आबांनी त्या दोन थरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही आज नही सांगतात, तं आम्हले काय समजतं?"

 सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि परांचीवर चढून झुलालकडे हात पुढे केले. पहिली वीट खाली आली.

नवल दोन मिनिटं बघत राहिला. "सर, राहू द्या, आम्ही करतो ना," म्हणत तोही आला. दिपमालाने ओढणी कमरेला खोचली. चार वाजेपर्यंत थर उतरले, सळया आल्या. आता सर नुसते पूलवाले होते. "कोपऱ्यात सळई सरळ सोडू नका, मिस्तरी. वळवून दुसऱ्या भिंतीत न्या. हं, अजून हातभर." झुलालने एकदा मान हलवली. दुसऱ्या कोपऱ्याला त्याने न सांगताच सळई तशी वळवली.

जळगावची गाडी कधीच निघून गेली होती, आणि दिपमालाला घरी फोन करायचंही सुचलं नव्हतं.

तार बांधून झाली. सर परांचीवरून भिंतीला धरून हळूहळू चारही कोपरे फिरले, एकेका गाठीवर अंगठा दाबत. उतरतं ऊन अजून चटका देत होतं. मागून लोटनआबा निघाले. आपली काळी छत्री त्यांनी सरांच्या डोक्यावर धरली होती, आणि सर थांबले की तेही थांबत होते.