दहांपैकी चार शब्द

दुसऱ्याला अडविण्याचा अधिकार ज्याच्या हाती सोपविलेला असतो, त्याची खरी परीक्षा अडविण्याच्या क्षणी होत नाही. ती कितीतरी आधी, ज्या दिवशी त्याने हसून डोळेझाक केली त्याच दिवशी होऊन गेलेली असते. संघाच्या डॉक्टरांना हे उमगले तेव्हा सामन्याची चौदा मिनिटे उरली होती, आणि चिखलाने माखलेला त्यांचा जावई समोरच्या बाकावर बसला होता.

हा जावई म्हणजे राष्ट्रीय रग्बी संघाचा कर्णधार. वरच्या गटातील सहा देशांत त्याचा संघ यंदा तळाला राहिला होता, आणि खालच्या गटातील विजेत्याशी आज घरच्याच मैदानावर त्याची गाठ होती. जिंकेल तो वरच्या गटात, हरेल तो खालच्या. मधली पायरी नव्हती. मागे एकदा खाली गेल्यावर पुन्हा वर चढायला या संघाला बारा वर्षे लागली होती. कर्णधाराला चौतिसावे वर्ष लागले होते. आता घसरलो तर आपल्या कारकिर्दीत वरचा गट पुन्हा दिसायचा नाही, हे तो पुरते जाणून होता.

संघ दोन गुणांनी मागे होता. टॅकल करताना, म्हणजे धावत्या प्रतिस्पर्ध्याला धरून पाडताना, कर्णधाराचे डोके त्याच्या गुडघ्यावर आदळले, आणि पंचांनी त्याला तपासणीसाठी बाहेर पाठविले. बारा मिनिटांत डॉक्टरांनी चाचणी घ्यायची. उत्तीर्ण झाला तर खेळाडू परत मैदानात. नाही तर बदली खेळाडूच शेवटपर्यंत.

खोलीत एक बाक, एक घड्याळ आणि जंतुनाशकाचा उग्र दर्प होता. भिंतीपलीकडे हजारो गळे गर्जत होते. डॉक्टरांनी दहा शब्द सावकाश वाचले.

"आता तुम्ही म्हणा."

"कंदील. वाळू. दोरी…" कर्णधाराने डोळे मिटून घेतले. "खुर्ची."

पुढे काही नाही. डॉक्टरांनी फाइल उघडली. मोसमाच्या आरंभी, धडधाकट असताना घेतलेल्या चाचणीची नोंद तीत होती, आणि आजचा निकाल तिच्याशीच ताडून पाहायचा होता. तिथेही आकडा तोच : दहांपैकी चार. कागदाच्या दृष्टीने जावईबापूंचे डोके शाबूत होते.

पण त्या नोंदीची कथा डॉक्टरांना ठाऊक होती. मोसमाच्या आरंभी सारा संघच मुद्दाम विसरायचा. आधीच कमी शब्द सांगून ठेवले, की पुढे डोक्याला मार लागला तरी आकडा जुळतो आणि मैदान सुटत नाही. त्या दिवशी 'रेडा' या टोपणनावाच्या आडदांड गड्याने तीन शब्द सांगितले, तेव्हा मागून कुणी ओरडले होते, "रेड्याला तीन आठवले? आता वेदही म्हणेल!" खोलीभर हशा पिकला होता. मागोमाग कर्णधार आला, चार शब्दांवर थांबला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "वय झालं, डॉक्टर." जेवताना पन्नास सामन्यांचे गुण धडाधड म्हणून दाखविणारा हा माणूस! डॉक्टरही हसले होते, आणि हसता हसता त्यांनी सही केली होती.

दारावर धपाधप थापा पडल्या. प्रशिक्षकांचा आवाज आला. "डॉक्टर, अहो नऊ मिनिटं झाली! जावयाला पंगतीला बसवलंय का आत?"

"बाबा, जाऊ द्या मला," कर्णधार म्हणाला.

मैदानावर नाते आणायचे नाही, असा दोघांचा करार होता. इतक्या वर्षांत तो प्रथमच मोडला होता. कर्णधार वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती. त्याने ती नेटाने पुन्हा बांधली, आणि मग तिसऱ्यांदा.

डॉक्टरांनी फाइल मिटली. ते उठले आणि त्यांनी दार उघडले. "ते खेळणार नाहीत."

"कागदावर पास आहे ना?"

"कागद खोटा आहे. त्यावरची सही माझी आहे."

प्रशिक्षकांनी हात जोडले. कधी कुणापुढे न वाकणारा तो माणूस रडकुंडीला आला होता. "मग आणखी एकदा खोटं बोला हो! पाच मिनिटांपुरतं! पेनल्टी मिळाली तर तीन गुणांची ती किक मारणार कोण?"

"नाही."

"बाबा, सगळ्या संघाला खाली ढकलताय तुम्ही," कर्णधार उठत म्हणाला, आणि तोल जाऊन त्याने भिंत धरली.

"हो," डॉक्टर म्हणाले. "ढकलतोय."

ते दारात आडवे उभे राहिले. प्रशिक्षक शिव्या देत मैदानाकडे धावले. थोड्याच वेळात शिट्टी वाजली, लोक जिवाच्या आकांताने ओरडले : पेनल्टी मिळाली होती. मग सारे मैदान चिडीचूप झाले, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत चिडीचूपच राहिले. बदली खेळाडूने मारलेला चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून गेला होता.

"काय झालं?" कर्णधाराने विचारले.

"हरलो. खालच्या गटात गेलो."

तो ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडला. मग हळूहळू शांत झाला, त्याने डोळे पुसले आणि इकडेतिकडे पाहिले.

"बाबा, काय झालं? जिंकलो का आपण?"

डॉक्टरांनी पुन्हा सांगितले. तो पुन्हा तसाच, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांची मुलगी दारात उभी होती. तिने नवऱ्याचे डोके छातीशी धरले. बाहेर रुग्णवाहिका येत होती.

"बाबा, प्रत्येक वेळी खरंच सांगायला हवं का हो?" तिने दबक्या आवाजात विचारले. "एकदा जिंकलो म्हणा ना. त्यांना कुठं लक्षात राहणार आहे?"

"एकदा खोटं चालेल, असं म्हणूनच तर मी इथवर आणलं त्यांना."

"काय झालं, बाबा?" कर्णधार पुन्हा म्हणत होता.

डॉक्टर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले, आणि त्यांनी चौथ्यांदा सांगितले. मग बुटाच्या तिहेरी गाठी एकेक करून सोडविल्या, बूट उतरविले आणि त्याच्या चिखलभरल्या मस्तकावर हात ठेवला. ही हार उद्या यांच्या लक्षात राहो, ते मनात म्हणाले. आणि ती आठवायला यांना, आणि हिला यांच्यासह, उदंड आयुष्य लाभो.